मलपृष्ठावरची पदवी

पुस्तक हातात आलं की आमच्याकडे ते आधी उलटं करतात. मलपृष्ठावर लेखकाच्या नावापुढे काय लिहिलंय ते बघायचं, मग किंमत, आणि जमलंच तर आतलं पान. दारावरच्या पाटीवरसुद्धा पदव्या लिहिणारं हे शहर, पुस्तकाला का सोडेल? झोप आणि चिंता यांवरचं माझं पुस्तक निघालं तेव्हा प्रकाशकांनी नावाआधी 'डॉ.' आणि नावानंतर एम.ए., पीएच.डी. असं दोन्हीकडून कुंपण घातलं होतं. मला ते आवडलंही होतं.

तेव्हा मी लोणी काळभोरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे आणि माझी मुलगी हिंजवडीत अमेरिकेच्या घड्याळावर नोकरी करायची. सकाळी मी बिबवेवाडीतून निघायचे तेव्हा ती कॅबमधून उतरत असायची. दिवसा तिला झोप येईना. डोळ्यांखाली काळं, जेवणावरून मन उडालेलं. माझं पुस्तक दिलं, तर दोन पानांनंतर ते पलंगाखाली गेलं.

एका रविवारी दुपारी ती दुसरंच पुस्तक वाचताना दिसली. मी सवयीने उलटं केलं. लेखक फरश्या विकायचा. धंदा बुडाला, झोप उडाली, आणि साहेबांनी त्यावर पुस्तक लिहिलं. मेंदूबद्दल जे काही ठोकून दिलं होतं, ते वाचून माझं डोकंच फिरलं.

"अगं, हा कोण? याचं शिक्षण काय? उद्या दातही फरशीवाल्याकडूनच काढून घे!"

ती म्हणाली, "आई, तू तर पीएच.डी. आहेस ना? मग मला या घरात झोप का नाही येत?"

भांडायची ताकद नव्हती. पेपर तपासून तपासून जीव मेटाकुटीला आला होता. मी तिच्या पायाशी बसले आणि विचारलं, "बरं, काय म्हणतो तो?"

"विशेष काही नाही. म्हणतो, धंदा बुडत होता तरी मी रोज हसत घरी यायचो." तिने उशी जवळ ओढली. "मी पण तेच करते, आई."

अशा वागण्याला आमच्या शास्त्रात नाव आहे. ते माझ्या जिभेवर आलंही.

"प्लीज, लेक्चर नको," ती म्हणाली.

मी ते नाव गिळलं. मग तीच बोलू लागली. टीम लीड सगळ्यांदेखत कसा अपमान करतो, कॅबमध्ये चढताना छातीत कसं धडधडतं, राजीनामा टाइप करून ठेवलाय पण मला सांगायची हिंमत कशी होत नाही. उन्हं उतरेपर्यंत बोलत होती, आणि बोलता बोलताच तिचा डोळा लागला.

मेंदूवरचं त्याचं प्रकरण म्हणजे शुद्ध थापा, हे मी आजही शपथेवर सांगेन. पदवी लागतेच. पण त्या दुपारी मला त्या फरशीवाल्याचा फार हेवा वाटला. माझ्या मुलीला काय होतंय, ते मला त्याच्यामुळे कळलं होतं.