गफूरचाचांची बांग

हे लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले. कारण असले चमत्काराचे अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवून हसते. आता तो माझ्यावर हसेल... हसू दे. मी नर्स आहे. माहेर निपाणीचं. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. आमचं घर बौद्ध. वंदना व्हायची, पण नवस, अंगारा, उतारा यातलं काही कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. शिवाय वॉर्डात एवढी वर्षं काढल्यावर माणूस भुतापेक्षा इन्फेक्शनला जास्त भितो.

मी काम करते ते हॉस्पिटल बेळगावात आहे. दुसऱ्या मजल्यावर तोंडाच्या आणि गळ्याच्या कॅन्सरचा आमचा वॉर्ड. आमच्या डॉक्टरांनी एक पद्धत सुरू केली होती — पेशंट ॲडमिट झाला की बीपी-शुगरच्या जोडीनं त्याला हेही विचारायचं, की तुम्हाला आधार कशाचा वाटतो? देवाधर्माचं रोजचं काही आहे का, आणि ते इथं कसं जमवायचं? आम्हा नर्सेसना ते वाढीव काम वाटायचं. पण डॉक्टर ऐकायचे नाहीत. "जखम आपण शिवू, पण जगायचं त्याला त्याच्या बळावर आहे," म्हणायचे.

गफूरचाचा बोरगावचे. तरुणपणापासून गावातल्या मशिदीत बांग तेच द्यायचे. अजानला आमच्याकडं बांगच म्हणतात. त्याचे पैसे नाहीत, काही नाही... आवड. आणि कॅन्सर झाला तो नेमका स्वरयंत्राला. ऑपरेशन करून ते सगळं काढावं लागलं. मानेला पुढून भोक, श्वास तिथूनच. आता नाकातोंडातून हवाच येत नाही म्हटल्यावर आवाज कुठून येणार? पुढं गळ्याला लावायचं बॅटरीवरचं मशीन मिळतं, त्यातून बोलता येतं, पण ती नंतरची गोष्ट. तोवर पाटी आणि खडू.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी जवळच्या मशिदीतल्या मौलानांना बोलावून घेतलं. माझ्या अडचणी साध्या होत्या. नमाजाआधी हातपाय-तोंड धुतात, ते पाणी मानेच्या भोकात गेलं तर थेट फुप्फुसात. खाली वाकून डोकं टेकलं तर टाके सुटायचे. मौलाना शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "सिस्टर, आजारी माणसाला सगळी सूट आहे. पाणी नको, कोरड्या मातीवर हात टेकवून तोंडा-हातांवरून फिरवले तरी चालतं. वाकणं नको, नुसती मान हलवली तरी पुरे." मग आम्ही कॉट पश्चिमेकडं तोंड होईल अशी फिरवली. चाचांची मुलगी शमीम घरून मातीची एक कोरी पणती घेऊन आली, तिच्यावर ते हात टेकवायचे.

एवढं सगळं जमलं. पण चाचांनी पाटीवर लिहिलं — बांग?

मौलाना कॉटच्या कडेला बसले. मग त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "चाचा, ती आता दुसरा कुणी देईल. ऐकणाऱ्यानं तेच शब्द मागून म्हणायचे असतात, तुम्ही तसा मनात जबाब द्या."

चाचांनी पाटी पुसली, पुन्हा लिहिलं — मग मी कशाला? आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

त्यानंतर त्यांनी नाकातल्या नळीतून जेवण घेणं बंद केलं. फीड घेऊन गेलं की नळीवर हात ठेवून धरायचे. शमीम रडायची, "अब्बा, असं नका हो करू." डॉक्टर समजावून गेले, मौलाना परत येऊन गेले. पोटात काही नाही म्हटल्यावर जखम भरेना, ताप यायला लागला. मी पुष्कळ पेशंट पाहिलेत. जायचं ठरवलेला माणूस ओळखू येतो.

एक मात्र ते करायचे. दुपारच्या नमाजाची वेळ झाली की उठून बसायचे, हात कानाला लावायचे आणि ओठ हलवायचे. आवाज शून्य. मानेच्या भोकावर लावलेली कापडी जाळी तेवढी श्वासानं हलायची. मला बघवायचं नाही.

शेजारच्या कॉटवर होते शिवाप्पा. वडगावचे विणकर, गालात गाठ, ऑपरेशनची वाट बघत पडलेले. सगळा जन्म मागाच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळं कान पार गेलेले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे डाव्या कानाला तोंड लावून ओरडायचं, आणि ते बोलायचे तेही असं की जिन्यापर्यंत ऐकू जावं.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "ओ आक्का! जरा हिकडं या."

"काय झालं, आप्पा?"

"ह्या पावण्यास्नी सांगा की जरा. रोज दुपारी माझा डोळा लागायला आणि ह्यांची बांग सुरू व्हायला एकच गाठ पडतीया! देवाचं नाव हाय, न्हाय म्हणत न्हाय मी. पर जरा हळू म्हणा म्हणावं."

मला हसूच आलं. वाटलं, बाहेरच्या मशिदीचा भोंगा असेल. पण आमच्या खिडक्या एसीमुळं बंद असतात. आणि कानाशी वाजणारा फोन न ऐकू येणाऱ्या माणसाला भोंगा कुठला ऐकू यायला? मी ओरडून विचारलं, "आप्पा, आवाज येतो कुठनं?"

"कुठनं म्हंजे? ह्ये काय, ह्यांच्याकडनं!" त्यांनी चाचांकडं बोट दाखवलं. "गळा लई ग्वाड हाय ओ. पर शेवटाकडं एका जागी वर चढत्यात न्हवं, तितं आवाज फाटतोय. मग मागं सरून परत पहिल्यापास्नं उचलत्यात."

शमीम फीडची वाटी धुवून येत होती. ती जागच्या जागी उभी राहिली. "सिस्टर... यांना कुणी सांगितलं हे? अब्बा तिथं अडकतातच. गावात पोरं नक्कल करायची त्याची."

तिच्या मोबाईलमध्ये चाचांच्या अजानचं जुनं रेकॉर्डिंग होतं. आवाज पूर्ण वाढवून तिनं फोन शिवाप्पांच्या कानाला लावला. अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. आणि खरंच, शेवटाकडं एका ठिकाणी आवाज चिरकला, थांबला, परत उचलला.

शिवाप्पा फोनकडं बघत बसले. "काय लावलंय? मला न्हाय बा काय ऐकू येत."

मी चाचांकडं पाहिलं. ते उठून बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि खांदे हलत होते. आधी मला वाटलं त्यांना धाप लागली. पण ते हसत होते! त्यांचं हसणं बघून शिवाप्पा बिचारे ओशाळले. "अवो, म्हणूच नका असं न्हाय ओ म्हणत मी. म्हणा तुमी. जरा हळू, एवढंच."

चाचांनी शमीमच्या हातातल्या वाटीकडं बोट केलं. त्या दुपारी त्यांनी फीड घेतलं.

आता माझा स्वभाव. दुसऱ्या दिवशी वेळ व्हायच्या आधी मी दोन्ही कॉटच्या मधला पडदा ओढला आणि पडद्याच्या टोकाशी अशी उभी राहिले की दोघंही दिसावेत. शिवाप्पांना ओठ हललेले दिसले असतील आणि डोक्यात आवाज झाला असेल, असं मी मनाशी धरलं होतं. चाचांनी कानाला हात लावले, ओठ हलायला लागले. मी श्वास रोखून कान दिला. काही नाही. एसीची घरघर फक्त. आणि पडद्यापलीकडं डोळे मिटून पडलेले शिवाप्पा पुटपुटले, "झालं सुरू."

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. कान गेलेल्या माणसांना कधी कधी नसलेले आवाज ऐकू येतात, मेंदूच तयार करतो, असं त्यांनी समजावलं. मी म्हटलं, "मग तो फाटलेला सूर? बोरगावला तर शिवाप्पा जन्मात गेलेले नाहीत." त्यांनी पेन खिशाला लावलं. "ते मला माहीत नाही," म्हणाले. "पेशंट जेवायला लागला, एवढं मला कळतं."

चाचांची जखम भरली. शिवाप्पांचंही ऑपरेशन नीट पार पडलं. डिस्चार्जच्या दिवशी चाचांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. दोघांचंही एकमेकांशी बोलणं शक्य नव्हतं, एकाला आवाज नाही, दुसऱ्याला कान नाहीत.

नंतर चाचा तपासणीला आले तेव्हा ते मशीन वापरायला शिकले होते. गळ्याला लावलं की सपाट, घरघरता आवाज येतो, पण शब्द कळतात. गावात आता पुतण्या बांग देतो म्हणाले, आणि ते त्याच्या शेजारी उभे राहतात. मी खुर्ची ओढून जवळ बसले आणि इतके दिवस मनात होतं ते विचारून टाकलं. "चाचा, तेव्हा वॉर्डात तुम्ही मनातल्या मनात म्हणत होता ना?"

त्यांनी माझ्याकडं जरा नवलानं बघितलं. मशीन गळ्याला लावलं.

"मनात? न्हाय ओ सिस्टर. मी तर मोठ्यानं म्हणत होतो."

त्या दुपारी वॉर्डात मी हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर उभी होते. माझे कान चांगले आहेत. मला काहीही ऐकू आलं नव्हतं... आणि का आलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही.