ठोंबरेकाकांची लेखी भाषा

नागपुरात नंदनवनमधल्या घरी राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, सगळ्यांच्या देखत, माझ्या नावाने संदेश आला. ‘विषय : आपल्या दुचाकीमुळे फाटकासमोर निर्माण झालेल्या अडथळ्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर वाहन तात्काळ हटवावे. अन्यथा पुढील कार्यवाहीस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.’ खाली नाव : वा. ना. ठोंबरे, तळमजला.

मी धास्तावून खाली धावले. लुंगी-बनियनमधले एक ठेंगणे गृहस्थ पाइपने झाडांना पाणी घालत होते. मला पाहून तोंडभर हसले.

“ये वं पोरी! गाडी थोडीशी तिकडं सरकव, बस. माही स्कूटर नाई निघून रायली. चहा घेतं काय?”

संदेश लिहिणारे ठोंबरे आणि चहा विचारणारे ठोंबरे एकच आहेत, हे पटायला मला बरेच दिवस लागले. काकांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत पत्रांचे मसुदे लिहिण्यात गेली होती. तोंडाने अस्सल वऱ्हाडी बोलणारा हा माणूस बोटं मोबाइलला लागली की मंत्रालयात जाऊन बसे. बाजारातून ते काकूंना लिहीत, ‘मेथी उपलब्ध नाही. पालकाबाबत आपले अभिप्राय कळवावेत.’ काकू उत्तर देत, ‘आना.’ माझ्या मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी लिहिलं, ‘आपण वयाची सात वर्षे यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. आपणास निरोगी दीर्घायुष्य लाभो.’ तिने मला विचारलं, “आई, मी रिटायर झाले का?”

मी पोटासाठी जाहिराती लिहिते. साड्यांचा एकच सेल रेडिओवर वेगळा सांगायचा, वर्तमानपत्रात वेगळा, मोबाइलवर तिसऱ्याच तऱ्हेने. काकांना हा निव्वळ बनाव वाटे. “एकाच गोष्टीचे तीन झबले शिवत बसतं तू,” ते म्हणत. मी म्हणे, “आणि तुम्ही बारशापासून तेराव्यापर्यंत एकच कोट घालता.” त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, “बोलनं हवेत जाते वं. लिवलेलं रायते. त्याले इस्त्री पायजे.”

या इस्त्रीने काय जाळलं होतं, ते मला एकदा भाजी निवडताना काकूंनी सांगितलं. काकांचा धाकटा भाऊ मनोहर नरखेड तालुक्यात घरची संत्र्याची बाग पाहतो. विहिरीवरच्या मोटरचं वीजमीटर वडिलांच्या नावावरच राहिलं होतं. पुढे भावाला त्रास नको, म्हणून ते त्याच्या नावावर करून द्यावं, असं काकांच्या मनात आलं. फोन करायचा सोडून त्यांनी रजिस्टर पत्र धाडलं : ‘सदर वीजजोडणीच्या संदर्भात आपण मूळ कागदपत्रांसह तात्काळ उपस्थित राहावे, अन्यथा...’ मनोहरने ते गावात एकाला दाखवलं. तो म्हणाला, “तुह्या भावानं नोटीस पाठवली.” तेव्हापासून मनोहर नागपूरला आला नाही. काकांनी नंतर फोन केले, ते त्याने उचलले नाहीत.

मी काकांना विचारलं, तर ते खरोखरच गोंधळलेले दिसले. “मी काय वाईट लिवलं? त्याच्या भल्याचंच होतं. ‘अन्यथा’ तं सगळ्याच पत्रात रायते!”

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी काकांना बायपास सांगितली. तारीख ठरली. त्याच संध्याकाळी ते जिना चढून माझ्याकडे आले, खरं तर त्यांना जिना चढायची मनाई होती. “पोरी, मन्याले लिवाचं आहे. तू लिवून दे. तुह्या रेडिओसारखं.”

मी जीव ओतून लिहिलं. लहानपणची विहीर आली, आई आली, माझे मलाच डोळे भरून आले. काकांनी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं.

“फस्कलास आहे. पन हे मी नाई वं. मन्या म्हनन, याले कोनीतरी लिवून देल्लं.”

वाचणारा कोण याचा विचार मी रोज करत होते. लिहिणारा कोण, याचा विचार त्यांनी केला होता.

“मग बोला,” मी म्हटलं. “आवाज रेकॉर्ड करून पाठवू.” आम्ही खाली काकूंपाशी गेलो. काकांनी आधी कागद घेतला आणि मुद्दे काढू लागले. काकूंनी कागद ओढून घेतला. मी काकांचाच फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. त्यांनी घसा खाकरला, “सादर...” म्हणाले आणि थांबले.

“मन्या... मी वासू बोलून रायलो. माही छाती कापाची आहे म्हनते डॉक्टर. मले भेव लागून रायलं गा. तू ये.”

त्यांनी ऐकलं तर पुसून टाकतील, म्हणून मी घाईघाईने पाठवून दिलं.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी मोटरसायकल थांबली. कानाला मफलर, अंगभर धूळ, आणि चेहरा काकांचाच, फक्त उन्हात रापलेला. दारातूनच तो ओरडला, “काहून गा दादा, एवढी वर्सं तोंड नोतं काय तुले?”

काका उठायला गेले, त्याने खांदे धरून त्यांना बसवलं. मग दोघं संध्याकाळपर्यंत मोटरबद्दल, संत्र्याच्या फळगळीबद्दल बोलत राहिले. पत्राचा विषय कोणी काढला नाही. काकू स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, “हे इतकं बोलतात, मले मालूमच नोतं.”

ऑपरेशन नीट झालं. पण तळमजला त्यांनी विकायला काढला. मनोहरने गावातल्या घराशेजारीच त्यांच्यासाठी खोल्या बांधल्या होत्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी सामानाचा टेम्पो भरला. काका पुढे, ड्रायव्हरशेजारी चढून बसले आणि खिडकीतून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“येत जा वं पोरी. इथं मले तूच होती भांडाले.”

सेलच्या जाहिराती, निवडणुकीची पत्रकं, लग्नाच्या पत्रिका, मी कोणासाठी काय काय लिहिलं नसेल. त्या खिडकीशी मात्र मला “हो काका” एवढंच म्हणता आलं. टेम्पो निघाला, आणि त्यांनी वळणापर्यंत हात आत घेतला नाही.