कोरलेले वीस ट्रे

माझा स्वभाव संशयी आहे, आणि तो मला माहेरून मिळालाय. आई शेजारी वाटी पाठवायची तीसुद्धा नाव घातलेली. परत आली की आधी नाव बघायची, मग आत काय आलंय ते. आयर्लंडमध्ये गॉलवेला येऊन नऊ वर्षं झाली, तरी माझ्या स्टीलच्या डब्यांवर अजून नाव आहे.

इथे मी वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासते. सुटे भाग ठेवायचे प्लास्टिकचे ट्रे आम्ही पूर्वी एकदा वापरून फेकायचो. मग सरकारचं धोरण आलं. उद्योगांनी वस्तू फेकायच्या नाहीत, पुन्हा पुन्हा वापरात आणायच्या, आणि तसं करतोय हे कागदावर दाखवायचं. ट्रे धुऊन, तपासून परत पाठवायचं काम गावाबाहेरच्या एका छोट्या युनिटला मिळालं. 'आमचेच ट्रे परत येतात' या कागदावर दर तीन महिन्यांनी सही मात्र माझी.

मला ते पटेना. परत आलेले ट्रे फारच स्वच्छ असत. युनिटचा म्हातारा मालक प्रत्येक प्रश्नाला "ग्रँड", म्हणजे एकदम छान, म्हणायचा, आणि ज्याचं सगळंच ग्रँड असतं त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. हा आमचे ट्रे कुठेतरी जाळतो आणि धुण्याचा खर्च वाचवायला हलक्या प्रतीचे नवे आमच्या गळ्यात मारतो, अशी माझी खात्री झाली. नवरा म्हणाला, "तू प्रसादाच्या पेढ्याचीही एक्स्पायरी बघशील."

एका दुपारी मी वीस ट्रेंच्या तळाला कर्कटकाच्या टोकाने आईच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. कोणाला सांगितलं नाही. चोराला सावध कशाला करा?

तीन महिने आलेला प्रत्येक ट्रे उलटा करून पाहिला. माझ्या खुणेचा एकही आला नाही. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. आता सही करायची नाही, युनिटचं काम गेलं तर जाऊ दे, असं ठरवून मी तिथे जाऊन थडकले.

मी तोंड उघडायच्या आत म्हाताऱ्याने प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, एक ट्रे काढला. माझं अक्षर त्याच्या अंगठ्याखाली होतं. असे वीस आले होते, म्हणाला. ओरखड्यात घाण राहते, म्हणून नियमाप्रमाणे एकोणीस बाद करून भुगा करायला पाठवले. हा एक आम्हाला दाखवायला ठेवला. इतका बारीक ओरखडा ज्याला दिसतो, तो माणूस ट्रे जाळत नव्हता.

तो सांगतच होता. धुणाऱ्या बाईचाच हा निष्काळजीपणा, म्हणून तो तिला दोनदा बोललाय. ती शपथेवर नाही म्हणते. त्याचा विश्वास बसत नाही, आणि या आठवड्यात तिला कामावरून काढायचं त्याने ठरवलंय.

"ते मी केलंय," मी म्हणाले. "तुमच्यावर संशय होता म्हणून."

या वेळी तो ग्रँड म्हणाला नाही. ट्रे माझ्या हातात देऊन म्हणाला, "मग तिला तुम्हीच सांगा."

ती आतल्या टेबलाशी उभी होती. धुतलेला प्रत्येक ट्रे उलटा करून, उजेडात धरून, दोनदा बघत होती.