रंगूबाईची थंड भट्टी

कल्याणच्या बाजारात तानाजी भडभुंज्याचं चुरमुऱ्या-फुटाण्यांचं दुकान होतं. सन १८८७च्या चैत्रात तो तापाने गेला. त्याची बायको रंगूबाई सुतकात असतानाच, सहाव्या दिवशी भर दुपारी बाजाराला आग लागली. गवती छपरांची अकरा दुकानं तासाभरात बसली. त्यांत तिचंही होतं. मागची राहती खोली गेली, कढया वाकल्या, चण्याची पोती कोळसा झाली.

आठवड्याभराने दवंडी पिटली. ज्यांची दुकानं जळली त्यांना म्युनिसिपालटी छपरासाठी लाकूड आणि कौलं देणार होती. रंगूबाई कचेरीत गेली. कारकुनाने यादी वाचली, तिचं नाव नव्हतं. आग भडभुंज्याच्या भट्टीतून उठली असं शेजाऱ्यांनी लिहून दिलं होतं. पहिली सही शेजारच्या गुणाजी तांबटाची होती.

कोपरीहून दिराचा निरोप आला, जागा सोड आणि इकडे येऊन घरकाम कर. मुलंबाळं नव्हती, माहेरी कोणी उरलं नव्हतं. दोन दिवस ती राखेत बसून राहिली. खाडीकडे जाऊन एकदा ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि परत आली. आपण का परतलो, ते तिला कधी सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीच्या पायरीवर बसली ती संध्याकाळपर्यंत. कारकून बाहेर पडताना तिने वाट अडवली.

"रावसाहेब, भट्टी डोळ्यांनी बघा. मग माझं नाव खुशाल खोडा."

कंटाळून का होईना, तो आला. मागोमाग बाजारही जमला. रंगूबाईने हातांनी राख बाजूला केली. नवरा गेला त्या दिवशी तिने भट्टीचं तोंड चिखलाने लिंपून बंद केलं होतं. आगीने तो चिखल विटेसारखा भाजला होता, पण कुठे तडा नव्हता. कारकुनाने पहारीने तो फोडला. आत नुसती गार, जुनी राख होती आणि कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं. तिथेच बसून त्याने तिचं नाव लिहून घेतलं.

दिवेलागणीला गुणाजी आला. दाराची चौकट राहिली नव्हती, तरी तो तिच्या जागीच थांबला.

"रंगूवहिनी, ठिणगी माझ्या भात्यातली होती. मला त्याच दिवशी कळलं होतं. खरं सांगितलं असतं तर माझी पोरं उघड्यावर आली असती."

"आणि मी?" रंगूबाईने विचारलं.

गुणाजी आल्या वाटेने परत गेला.

तिने कचेरीत काहीच कळवलं नाही. गुणाजीचं बोलणं शेजाऱ्यांनी ऐकलं होतं; ते तिला मोठ्या मनाची म्हणाले, तेव्हा तिला चीड आली. तिने क्षमा केलेली नव्हती. पुन्हा त्या पायरीवर जाऊन बसायचं त्राणच तिच्यात नव्हतं.

ज्येष्ठात गाड्या आल्या आणि तिच्या आणि गुणाजीच्या, दोन्ही दुकानांसमोर कौलं उतरली. छप्पर चढलं, पण गिऱ्हाईक फिरकेना, भट्टीचं नाव बाजारात एकदा वाईट झालं होतं. शिवाय तापलेल्या वाळूचा अंदाज तानाजीचा, तिने नुसतं चाळण्याचं काम केलेलं. तिने भाजलेला पहिला घाणा काळा पडला. तो तिने गाईपुढे टाकला, डोळे पुसले, आणि कढईत पुन्हा वाळू ओतली.