ड्रुइड कुणाच्या बाजूची?

ताज्या झेरॉक्सला एक कोमट, किंचित करपलेला वास असतो. त्या वासात ओट्यावर वाळत घातलेल्या दमट कपड्यांचा, कुणाच्या तरी स्टोव्हवर शिजणाऱ्या टाकळ्याच्या भाजीचा आणि श्रावणातल्या लहरी उन्हाचा वास मिसळला, की मरोळच्या आमच्या बैठ्या चाळीतली ऐंशीच्या दशकातली एक अख्खी रविवार-दुपार मला परत मिळते. त्या दुपारी मी माणूस नसे. मी ड्रुइड असे.

हा खेळ आणला विलासने. तो शेवटच्या खोलीतल्या सावंतबाईंचा भाचा, पवईला इंजिनिअरिंग शिकणारा. होस्टेलमधल्या कुणाच्या तरी परदेशस्थ भावाने पाठवलेल्या एका जाडजूड पुस्तकाची झेरॉक्स काढून तो दर रविवारी जेवायच्या निमित्ताने मावशीकडे येई आणि आम्हां पोरांना ओट्यावर गोळा करी. खेळाला पट नव्हता, पत्ते नव्हते. विलासने एक जग सांगायचं, त्यातले डोंगर, नद्या, भुयारं, राक्षस सांगायचे, आणि आम्ही त्या जगातली माणसं होऊन काय करतो ते बोलायचं. यशापयश ठरवायला पुस्तकात नाना कोनांचे फासे होते. ते कुठून आणणार? म्हणून हाउजीतल्या एक ते वीस आकड्यांच्या सोंगट्या एका पिशवीत घालून आम्ही त्या काढायचो, आणि राक्षस मरायचा की आम्ही, ते त्या पिशवीवर सोपवायचो.

माझा चुलतभाऊ नंदू पहिल्याच दिवशी योद्धा होऊन बसला. समोरच्या कुंदाने चोर व्हायचं ठरवलं आणि तिच्या आईने ते ऐकून कपाळावर हात मारला. मी भांडी घासून उशिरा पोचले, तेव्हा माझ्यासाठी उरलं होतं ते कुणालाच नको असलेलं पात्र.

"ड्रुइड म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"जंगलाचा पुजारी," विलास पानं चाळत म्हणाला.

"म्हणजे आपल्या गावचा घाडी," नंदू म्हणाला. "वाट लागली! आता ही प्रत्येक राक्षसामागे एक कोंबडा मागणार."

घाडी म्हणजे आमच्या कोकणात गावकऱ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारा माणूस. नंदूची चेष्टा अगदीच अस्थानी नव्हती, पण ड्रुइड त्याहून निराळी निघाली. विलास वाचत गेला आणि मी हळूहळू तिच्या प्रेमात पडत गेले. तिला देऊळ नसतं. उघड्या आभाळाखालचं झाडांचं वर्तुळ हाच तिचा गाभारा. ती अंगावर लोखंड घालत नाही, कारण भूमीच्या पोटातून ओरबाडून काढलेलं ते कवच तिच्या आणि रानाच्या मध्ये येतं. तिच्याजवळ एक कोयती असते, वनस्पतींची मुळं-पानं असतात, आणि इतर ड्रुइडांखेरीज कुणालाच न कळणारी एक भाषा असते. पुढे व्रत पुरतं मुरलं, की तिला हरणाचं किंवा घारीचं रूपही घेता येतं. पण या साऱ्यामुळे ती ड्रुइड होत नाही, विलासने बजावलं. ती ड्रुइड असते एका शपथेमुळे. ती सुष्टांच्या बाजूची नसते आणि दुष्टांच्याही नसते. समतोल ढळू द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. आणि ज्या दिवशी ती कुणा एकाची बाजू घेईल, त्या दिवसापासून रान तिच्याशी बोलायचं बंद होईल.

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. का आवडलं, ते चाळीत सगळ्यांनाच ठाऊक होतं.

माझे बाबा आणि नंदूचे वडील, म्हणजे काका, सख्खे भाऊ. दोघं एकाच गिरणीत, एकाच खात्यात. घरंही एकाला एक लागून, मध्ये नुसती फळ्यांची भिंत. गिरण्यांचा संप लांबत, कुजत गेला, तेव्हा एका सकाळी बाबा डबा घेऊन पुन्हा गिरणीत गेले. काका गेले नाहीत. ते पुढे साकीनाक्याला एका गोदामावर रखवालदार झाले, बारावी झालेला नंदू तिथल्याच एका कारखान्यात लेथवर उभा राहिला, आणि मी कॉलेजात जात राहिले. काकांनी बाबांना एका शब्दानेही दुखावलं नाही. त्यांनी बोलणंच सोडलं. एकाची खोकल्याची उबळ दुसऱ्याला फळ्यांतून ऐकू यायची आणि दोघंही ती न ऐकल्यासारखं करायचे. आई आणि काकूची देवाणघेवाण मात्र चालूच होती, कोथिंबिरीपासून कुकरच्या रिंगेपर्यंत. बायकांना संप परवडत नाही, असं काकू म्हणे.

मला दोन्ही घरं माझी वाटत. काकांच्या खांद्यावर बसून मी दहीहंडी पाहिलेली, आणि नंदू तर माझ्याआधी आमच्या डब्यातला लाडू शोधून काढणारा. त्यामुळे कुणाच्याच बाजूचं नसणं हा कुठेतरी एक धर्म आहे, त्याला व्रत आहे, नाव आहे, हे कळल्यावर मला केवढा तरी आधार वाटला.

तो फार दिवस टिकला नाही. एका रविवारी विलासने दोन गावांचं युद्ध मांडलं. मध्ये माझं रान, अलीकडे एक गाव, पलीकडे दुसरं, आणि दोन्हीकडचे लोक माझ्या वृक्षवर्तुळाशी मदत मागायला आलेले. नंदूचा योद्धा पलीकडच्या गावाचा. मी म्हटलं, माझी ड्रुइड कुणालाच मदत करणार नाही.

"कुणालाच नाही?" नंदूने विचारलं.

"नाही. मी कुणाच्याच बाजूची नाही."

त्याचा चेहरा उतरला. मग तो खेळातल्या आवाजात बोललाच नाही. "ते बरं जमतं गं तुला, बेबी. तू कॉलेजात, मी लेथवर. आणि म्हणे कुणाच्याच बाजूची नाही!"

सोंगट्यांची पिशवी खाली ठेवून तो उठून गेला. विलासला काही कळेना, कुंदा नखं पाहत राहिली. मला रडू आलं ते नंदू खोटं बोलला म्हणून नव्हे. माझं तटस्थ राहणं बाबांच्या पगारावर उभं होतं, हे त्याने एका वाक्यात सांगितलं होतं आणि त्यावर पुस्तकात उत्तर नव्हतं. पुढचे रविवार तो आला नाही. समोरासमोर आलो की मान वळवायचा. माझा नंदू, माझ्याकडे न बघता जाणारा! मोठ्यांचा अबोला आता आमच्यातही उतरणार, आणि एकदा उतरला की फळ्यांच्या भिंतीसारखा जन्मभर राहणार, या भीतीने मला जेवण जाईना.

तशात गणपती आले. आमचा गणपती एकच, थोरल्यांच्या म्हणजे काकांच्या खोलीत बसणारा. यंदा आपण दर्शन घेऊन लगेच परत यायचं, असं बाबांनी खालच्या मानेने सांगून टाकलं होतं. गणपतीच्या डोक्यावर आमच्याकडे माटवी बांधतात: आढ्याला टांगलेली लाकडी चौकट, आणि तिला रानातली फुलं, फळं, डहाळ्या, नारळ, काकड्या. ते रान आणायला मी आणि नंदू दरवर्षी आरे कॉलनीत जायचो. यंदा मला कुणी जा म्हटलं नाही. हरतालिकेच्या सकाळी कोयती पिशवीत घालून मी एकटीच बसमध्ये चढले.

आरेतलं भाद्रपदातलं रान अंगावर येतं. तबेल्यांचा शेणा-दुधाचा ऊबदार वास मागे पडतो आणि चिंब मातीचा, कुजत्या पानांचा, कुठल्याशा अनामिक फुलाचा गंध सुरू होतो. उतारभर तेरडा फुललेला, कुंपणावर कळलावीच्या ज्वाळा, आणि पानापानांतून गाळून आलेला हिरवट उजेड. त्या उजेडात पाठमोरा, गुडघाभर गवतात उभा राहून नंदू माटवीत टांगायच्या कवंडळाच्या फळांची वेल ओढत होता.

मी पिशवीतून कोयती काढली आणि शेजारी जाऊन तेरडा कापू लागले.

"ड्रुइडला लोखंड चालतं काय गं?" त्याने वर न बघता विचारलं.

"अंगावर नाही चालत. हातात चालतं."

"सोयीचा धर्म आहे यार तुझा," तो म्हणाला, आणि हसला. मी इतकी सुखावले की कळलावीच तोडायला निघाले. त्याने मला मनगटाला धरून मागे ओढलं. विषारी असते ती, घरात भांडणं लावते, असं काकू सांगायची.

संध्याकाळी काकांच्या खोलीत माटवी सजली. ती वर चढवायला दोन माणसं लागतात, दोन टोकांना. आजवर ती दोन माणसं ठरलेली होती. काका स्टुलावर चढले, आपलं टोक वर धरलं. दुसरं टोक खालीच टेकलेलं, त्यामुळे सगळी फळं कलंडून एकीकडे गोळा झालेली. काकू पाटाशी. आई उंबऱ्यात. तिच्या मागे, ओट्यावर, बाबा.

नंदू दुसऱ्या स्टुलाकडे सरसावला.

"तू नको रे," काका म्हणाले. "तुझो हात पोचूचो नाय."

नंदू तेव्हा आमच्या अख्ख्या चाळीत सगळ्यात उंच होता. काका चौकट तशीच वर धरून उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून, आणि त्यांचा दंड हळूहळू कापू लागला.

मी जमिनीवर तेरड्याच्या जुड्या मांडीत घेऊन बसले होते. त्या क्षणी मी मध्ये नव्हते, तटस्थ तर मुळीच नव्हते. काकांनी हात खाली घेऊ नये असं मला वाटत होतं आणि बाबांनी पाऊल उचलावं असंही, दोन्ही सारख्याच जिवाच्या आकांताने. मी दोघांच्याही बाजूची होते. शपथेचा अर्थ कदाचित एवढाच असेल. पण ते विलासला किंवा त्याच्या पुस्तकाला विचारावं, असं मला पुढे कधी वाटलं नाही.

बाबा आले. चपला काढल्या, स्टुलावर चढले, दुसरं टोक उचललं. फळं हलत हलत सरळ झाली.

"वायच खाली घे," काका म्हणाले.

बाबांनी जरासं खाली घेतलं. त्यापलीकडे त्या सणात ते एकमेकांशी काही बोलले नाहीत. आढ्याला दोरी बांधताना बाबांच्या हातून गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. काकांची गाठ केव्हाच बसली होती. तरी ते स्टुलावरून उतरले नाहीत.