साहेबरावाच्या गाडीचे पाटे

साहेबराव सरवदेने अठरा वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवले आणि त्या अठरा वर्षांत त्याची कंबर गेली. त्याचं त्याला फार दुःख नव्हतं. गवंड्याचे हात जातात, शिंप्याचे डोळे जातात, तशी डायवरची कंबर जायचीच, असं तो धरून चालला होता. पण नांदेड ते लातूर या रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला त्याने धमकी देऊन ठेवली होती : "माझी सवताची गाडी येऊ दे. मंग बघतो तुझ्याकडं."

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष लागलं आणि पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली, त्या उन्हाळ्यात ती गाडी आली. एका सरकारी खात्याच्या लिलावातली जुनी पिकअप. पुढं जीपचं तोंड, मागं उघडा हौदा, आणि दारावर जुन्या जिल्ह्याचं नाव अर्धवट खरवडलेलं. नागुबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, आरशाला निळी फीत बांधली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ही मागून बसकण मारून का बसली?"

मागचे पाटे मेले होते. हौद्याचा सगळा भार चाकांवर ज्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या थप्पीवर तोललेला असतो, ते पाटे. त्यांचा बाक गेला की गाडी खांदे पाडून चालते. साहेबरावाला उलट आनंदच झाला. नवे पाटे घालायचे म्हणजे ते आपल्या मर्जीचे घालायचे!

लातूरला नांदेड रस्त्यावर पंचाक्षरीआप्पाचं पाट्यांचं दुकान होतं. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, हातात घण. आप्पा घणाच्या आवाजावरून पाटा ओळखायचा आणि गिऱ्हाइकाच्या आवाजावरून गिऱ्हाईक.

"मऊ का कडक?" आप्पाने विचारलं.

"मऊ. लई मऊ. डोळे झाकले की म्हशीच्या पाठीवर बसून डोहात चाललोय असं वाटाया पाहिजे."

"डोह राहिलाय का कुठं? भरनार काय?"

"पानी."

आप्पाने घण खाली ठेवला. "दगड वाहायचा अन् टोपली कापसाची मागायची! सायबराव, पान्याला कडक लागतेत. नऊ पाट्यांची थप्पी."

"आप्पा, अठरा साल कडकावर बसलो. ही कंबर बघा, दोन जागी वाजती. सवताच्या गाडीत बी तेच भोगायचं असंल तर सवताची कशाला म्हनायची?"

आप्पाने त्याच्या कंबरेकडं बघून मान डोलावली. पण प्रश्न नुसता कंबरेचा नव्हता. चाकूरकडची त्याची खडकवाडी कोरडी पडली होती. मोठा टँकर ओढ्याच्या उतारावरून वाडीत उतरत नव्हता, म्हणून कलेक्टर कचेरीच्या टंचाई शाखेने लहान गाडी लावायचं ठरवलं होतं. अर्ज दोनच आले होते, आणि शाखा दोन्ही गाड्यांची चाचणी घेणार होती : तोंडं कापलेली सहा टिपाडं काठोकाठ भरायची, अकरा किलोमीटर जायचं, आणि वाडीत पोचल्यावर कुठल्याही टिपाडातलं पाणी चार बोटांपेक्षा जास्त उतरलेलं चालायचं नाही. ऑर्डर मिळाली तर साहेबरावाची गाडी स्वतःच्या वाडीला पाणी पाजणार होती. नाही मिळाली तर गाडी दारात उभी आणि साहेबराव पुन्हा दुसऱ्याच्या ट्रकवर. जुन्या मालकाचा निरोप येऊनही गेला होता : तुझी सीट रिकामीच आहे.

"असं करू," आप्पा म्हणाला. "आधी सहा पाट्यांची मऊ थप्पी बसवतो. भरून बघू. दबली तर कडक."

भरून बघू म्हणणं सोपं होतं. पण त्या दिवसांत बाराशे लिटर पाणी नुसतं चाचपायला म्हणून कोण देणार? मोंढ्यातून धान्याची पोती मागावीत, तर मोंढ्यातच पोती नव्हती. हमाल दिवसभर पत्ते कुटत बसलेले. दोघंही डोकं खाजवत उभे राहिले. मग साहेबरावाची नजर त्या हमालांवर गेली.

"आप्पा, मानसं भरू की!"

इथून पुढं जे झालं ते मोंढ्यात कित्येक दिवस सांगितलं जात होतं. डाळमिलच्या काट्यावर एकेक माणूस चढवून बाराशे किलो भरेपर्यंत मोजायचं ठरलं. वजन भरलं बावीस माणसांत, पण रांगेत उभे होते छत्तीस. एक जाडा हमाल सुरुवातीलाच ठाण मांडून बसला होता. त्याच्या एकट्याच्या वजनात दोन जण मावले असते, म्हणून मागच्यांनी आरडाओरडा केला.

"त्याला उतरवा! दोघांची जागा खातोय!"

"न्हाई उतरत! मी एका जागेवरच बसलोय!"

शेवटी बावीस जण हौद्यात दाटीवाटीने उभे राहिले. नागुबाई त्यांच्यातच होती, आपली गाडी आपण नाही तपासायची तर कोणी, म्हणून. आणि गाडी निघाली. निघाली कसली, पोहत गेली. खड्डा आला की बावीसच्या बावीस जण "हुऽऽ" करत वर जायचे आणि "हाऽऽ" करत खाली यायचे. शिवाजी चौकाला वळसा घातला, तेव्हा पानपट्टीवाल्यांना वाटलं की कुणाची तरी वरात चाललीय आणि नवरदेवच हरवलाय. परत आल्यावर कोणी उतरेना. दुसऱ्या फेरीला राहिलेले चौदा जण भांडून चढले. तिसऱ्या फेरीला दुकान उघडं टाकून आप्पा स्वतः चढला, आणि उतरला तो गळ्यातलं लिंग सावरत, गालातल्या गालात हसत.

"कसं वाटलं, आप्पा?"

"पाळना," आप्पा म्हणाला. "सायबराव, मी हरलो. मऊच राहू दे."

त्या दिवशी साहेबराव लातूर ते चाकूर वाटभर गात गेला. त्याला एकच गाणं येत होतं आणि त्याचंही एकच कडवं. ते त्याने पस्तीस किलोमीटर पुरवलं.

सोमवारी चाचणी. चाकूरच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीला अजून पाणी होतं, तिथून टिपाडं भरायची होती. टंचाई शाखेकडून पंचशीला नावाची नवी कारकून आली. नवा जिल्हा, नवी कचेरी, नवी नोकरी; हातात बोटाबोटाच्या अंतरावर खुणा केलेली काठी आणि काखेत फाईल. साहेबरावाने तिच्या फाईलवरचं नाव वाचलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. आपल्यातलीच पोरगी!

"जय भीम, ताई."

"जय भीम, काका," ती म्हणाली, आणि तिने काठी टिपाडात उभी बुडवली. "काठी मात्र सगळ्यांना सारखीच लागते."

टिपाडांवर गोणपाटं बांधली आणि ती धरायला नागुबाई मागं बसली. पंचशीला पुढं बसली. गाडी निघाली, आणि पहिल्या खड्ड्यालाच साहेबरावाला कळलं की हे काही खरं नाही. गाडी खाली गेली, वर आली, पण थांबली नाही. परत खाली, परत वर. तेवढ्यात आतल्या पाण्यालाही झुलायची लहर आली. गाडी डावीकडं झुके तेव्हा पाणी डावीकडं धावे, आणि पाणी धावलं म्हणून गाडी आणखी झुके. दोघांची गट्टीच जमली. साहेबराव ब्रेक दाबायचा, तर सहाही टिपाडं मिळून त्याच्या पाठीवर चुळा टाकायची.

"काका, हे मागं काय चाललंय?"

"काय न्हाई ताई, जरा घुसळन चाललीय!"

मागून नागुबाईच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. आधी त्या घाबरल्याच्या होत्या. ओढ्याच्या उतारानंतर त्यांचं हसू झालं. गेल्या दोन महिन्यांत तांब्यापेक्षा जास्त पाणी तिच्या अंगाला लागलं नव्हतं, आणि आता टिपाडंच्या टिपाडं डोक्यावर रिती होत होती. वाडीत गाडी थांबली तेव्हा ती पदरापासून पायापर्यंत निथळत उतरली. घागरी घेऊन थांबलेल्या बायका तिच्याभोवती जमल्या. मग एकीने तोंड उघडलं.

"नागुबाई, वाडीसाठी आनलं का न्हानी भरायला?"

"समदी वाडी तहानली अन् ही मालकीन न्हाऊन आली!"

बायका पोट धरून हसल्या आणि हसता हसता तिच्या लुगड्याचे सोगे घागरीत पिळू लागल्या. पंचशीलाने काठी बुडवली. चार बोटांच्या जागी नऊ. दुसऱ्या टिपाडात अकरा. तिने लिहून घेतलं.

"नियमात दोन फेऱ्या आहेत, काका. दुसरी परवा. दुसऱ्या अर्जदाराचं पाणी दोन्ही फेऱ्यांत पाच बोटं उतरलंय. तुमचं चारात बसलं नाही, तर मग दोघांनाही ऑर्डर मिळणार नाही आणि वाडीला बैलगाडीच येईल."

ती गेली. साहेबराव गाडीखाली वाकून पाट्यांकडं बघत राहिला. "वजन तर तेवढंच होतं," तो पुटपुटला. "मानसं बी बाराशे किलो, पानी बी बाराशे. मंग मानसं झोपाळ्यावर गेली अन् पान्याला भूत कसं लागलं?"

नागुबाई वाळत उभी होती. "मानसं बसली होती कुठं? खड्डा आला की मी चवड्यावर व्हायची. समदेच व्हायचे. गुडघ्यात वाकायचं, कठडा धरायचा. पान्याला गुडघे हायेत का?"

साहेबराव गाडीखालून इतक्या झटक्यात उठला की डोकं हौद्यावर आपटलं. डोकं धरून तो हसायला लागला. तसाच लातूरला गेला आणि दुकानाच्या बाहेरूनच ओरडला, "आप्पा, तिसऱ्या फेरीला तुमी चवड्यावर होता का?"

आप्पाने आठवून पाहिलं. "होतो की."

"गुडघे वाकवले होते?"

"वाकवले. सवयच हाय, पडू म्हनून."

"मंग आपन पाटे तपासलेच न्हाईत! आपन बावीस मानसांचे चव्वेचाळीस गुडघे तपासले!"

आप्पाने कपाळावर हात मारला, भस्म बोटांना लागलं. तीस वर्षांच्या धंद्यात माणसं हाच भार समजून पाटे निवडणारा तो मराठवाड्यातला पहिलाच पाटेवाला ठरला होता. मग तो नऊ पाट्यांच्या थप्पीकडं बघू लागला.

"सायबराव, ही बसवली की रिकामी गाडी तुझी कंबर काढंल. आत्ताच सांगतो."

साहेबरावाने पाटे बघितले. अठरा वर्षं खड्ड्यांना दिलेली धमकी त्याला आठवली असावी, कारण त्याने उगाच दोनदा कंबर चाचपली. "बसवा," तो म्हणाला. "तानून बसवा."

लातूरहून निघाला आणि पहिल्या मैलातच खिशातली विडी-काडी उडून बाहेर गेली. आरशाची फीत सुटली. सीटवरचं बूड आणि सीट यांची भेट मधूनमधून व्हायची. साहेबरावाने गाणं म्हणायचा प्रयत्न केला, पण एका कडव्याचे अकरा तुकडे झाले. घरी तो कमरेत वाकूनच उतरला. नागुबाईने पाठीला तेल चोळलं आणि विचारलं, "लई कडक हाय का?"

"हाय."

"मंग?"

"भरली की बघू."

बुधवारी टिपाडं भरली. पाणी चढत गेलं तशी गाडी मागून दबत गेली, एक बोट, दोन बोटं, आणि मग पाटे ताणून थांबले. साहेबराव चावी फिरवून निघाला, पहिल्या खड्ड्याच्या आधी त्याने दात आवळले, आणि खड्डा गेला. नुसता गेला. गाडी एकदा "हूं" म्हणाली आणि सरळ झाली. पुढचा खड्डा, तसाच. त्याने मागं वळून पाहिलं. नागुबाई कोरडी होती, गोणपाटावर हात ठेवून मेण्यात बसल्यासारखी बसली होती.

"अगं, भरल्यावर हीच मऊ हाय!" तो ओरडला. "नागू, भरल्यावर हीच म्हैस हाय!"

"म्होरं बघा!"

ओढ्याचा उतार त्याने पहिल्या गिअरमध्ये, श्वास धरून उतरला. पंचशीलाही श्वास धरून बसली होती. तसं करायचा नियम नव्हता. वाडीत आज कोणी थट्टा केली नाही. घागरी खाली ठेवल्या गेल्या. काठी टिपाडात शिरली, वर आली. तीन. दुसऱ्यात साडेतीन. तिसऱ्यात तीन. सहाव्या टिपाडात तिने काठी दोनदा बुडवली, पदराने पुसली, पुन्हा बुडवली.

"चार," ती म्हणाली. "चार भरतात. पाच नाही."

पुढचं कोणी ऐकलंच नाही. वाडीने असा गलका केला की विहिरीवरची कबुतरं उडाली.

टिपाडं रिकामी झाली. ऑर्डरवर सही हवी होती, आणि पंचशीला म्हणाली, चाकूरच्या वाटेवरच करते, मला पुढची एसटी धरायची आहे. गाडी निघाली. पहिल्याच खड्ड्याला तिची फाईल टपाला लागली, पेन पायाखाली गेलं आणि ती स्वतः साहेबरावाच्या खांद्यावर आदळून परत जागेवर आली. मागून नागुबाईचं हसू आणि रिकाम्या टिपाडांचा ढणढणाट एकत्रच ऐकू आला.

"काका! हळू घ्या ना!"

"हळूच हाय, ताई! रिकामी अशीच जाती!"

"मग सही कशी करू? थांबवा!"

साहेबरावाने गाडी थांबवली. तिने खाली उतरून बॉनेटवर कागद ठेवला आणि सही केली. इंजिन चालूच होतं, त्यामुळे शेवटची रेघ थोडी थरथरली. कागद त्याच्या हातात देत तिने विचारलं, "दुसरी खेप केव्हा?"

साहेबरावाने सूर्याकडं पाहिलं. अजून दोन कासरे वर होता. मोडलेल्या कमरेने त्याने दार उघडून धरलं.

"बसा लौकर. तुमाला एसटीवर सोडतो अन् गाडी हिरीवर लावतो."