लाल पुठ्ठ्याचा तिसरा भाग

हॅलोबाईंचं खरं नाव दुकानात कुणालाच माहीत नव्हतं, आणि विचारायची कुणाची टापही नव्हती. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. दुकानातला फोन वाजला की त्या अशा ठसक्यात ‘हॅलो’ म्हणायच्या की पलीकडचा माणूस आधी माफी मागायचा आणि मग जुन्या चादरी चालतील का म्हणून विचारायचा. त्यावरूनच हे नाव पडलं.

दुकान म्हणजे एका बंद पडलेल्या बँकेचा तळमजला. समोरच्या मोठ्या खोलीत कपडे, कपबश्या, चालू-बंद इस्त्र्या, एक पाय लंगडा असलेली टेबलं. मागे, जिथे पूर्वी तिजोरी होती, तिथे पुस्तकं. लोक घरातली अडगळ आणून द्यायचे, दुसरे लोक ती हौसेने विकत न्यायचे, आणि मिळकत गावातल्या दवाखान्याला जायची. काम करणारे सगळे बिनपगारी. आता, पगार घेणाऱ्या माणसाला दटावता येतं. फुकट राबणाऱ्याला दटावलं तर तो उद्यापासून येतच नाही. तरीही हॅलोबाई सगळ्यांना दटावायच्या आणि सगळे यायचे. हे कसं जमायचं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

त्या दुकानात एक नियम होता. आलेली वस्तू आधी आठवडाभर गिऱ्हाइकांसाठी फळीवर राहणार. तोवर कुणी नेली नाही, तरच दुकानातल्या माणसाने ती विकत घ्यायची. पूर्वी असं नव्हतं. खोकी मागच्या खोलीत उघडायची, चांगलंचुंगलं तिथल्या तिथे पिशव्यांत जायचं आणि गिऱ्हाइकांच्या वाट्याला कान तुटलेले कप उरायचे. हॅलोबाईंनी आल्या आल्या ते बंद पाडलं. एकदा कपडे बघणाऱ्या शिंपीकाकांना खोक्यात एक अस्सल कात्री सापडली. त्यांनी ती दोनदा उघडझाप करून पाहिली. “बाई, एवढी एक,” ते म्हणाले. बाईंनी कात्री त्यांच्या हातातून घेतली, दर्शनी कपाटात मांडली, आणि आठवडा संपायच्या आत कुणीतरी घरात पुठ्ठे कापायला ती घेऊन गेलं. शिंपीकाका कितीतरी दिवस फुगून बसले होते. चहा प्यायचे, पण बाईंनी केलेला प्यायचे नाहीत.

घरी हॅलोबाईंचे मिस्टर पलंगावर असायचे. ते लिफ्ट दुरुस्त करणारे. शहरातल्या अर्ध्या इमारतींचे आवाज त्यांच्या कानात बसलेले. आता त्यांचं हृदयच दमलं होतं. पलंगावरून खुर्चीत यायचं तर मध्ये थांबावं लागे. नवीन गोळ्या लागू पडल्या की कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जाऊ, असं ते रोज म्हणायचे, आणि हॅलोबाई रोज “हो तर” म्हणायच्या. डॉक्टरांनी बाईंना मागच्याच महिन्यात व्हरांड्यात बोलावून सांगितलं होतं की गोळ्यांनी आता फक्त त्रास कमी होईल, दुसरं काही होणार नाही, आणि हातात फार वेळ नाही. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. मिस्टरांना तर नाहीच. ते उमेदीत होते, आणि ती उमेद आपल्या तोंडाने मोडायची बाईंची छाती होत नव्हती.

दोघांचा जुना खेळ होता. बाईंनी रहस्यकथा मोठ्याने वाचायची, मिस्टरांनी ऐकायची आणि शेवट येण्याआधी दोघांनी आपापला गुन्हेगार जाहीर करायचा. बाई नेहमी जिंकायच्या. मुरवत हा शब्दच त्यांना ठाऊक नव्हता. पत्ते खेळतानाही तेच. नवरा तापाने फणफणलेला असो नाहीतर नोकरीतून निवृत्त होऊन तोंड पाडून बसलेला असो, बाई हुकूम मारायच्या तो मारायच्याच. मिस्टर चिडायचे, शिव्या घालायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला बसायचे.

सध्या त्यांचं घोडं एका तीन भागांच्या कादंबरीत अडलं होतं. मोठं धरण बांधताना तिथल्या इंजिनिअरचा खून होतो. रात्री कुणीतरी धरणाचा दरवाजा उघडून त्याला पाण्यात लोटतं. पहिले दोन भाग बाईंनी ह्याच दुकानातून नेले होते, अर्थात आठवडा उलटल्यावर. तिसरा भाग कुठेच मिळेना. छापणारा कधीच बुडाला होता. मिस्टरांचं ठाम मत, खून ठेकेदाराने केला. बाई म्हणायच्या, इंजिनिअरच्या बहिणीने.

“बहीण कशाला मारेल गं सख्ख्या भावाला?”

“भाऊ म्हणूनच मारेल. बाहेरच्याचा इतका राग येत नाही.”

“ठेकेदार आहे तो. माल खराब घातलाय भिंतीत. मी पाहिलेत असले ठेकेदार.”

“तुम्ही पाहिलेले वेगळे, पुस्तकातले वेगळे.”

संध्याकाळ अशी निघून जायची.

एक दिवस हॅलोबाई मागच्या खोलीत खोकं रिकामं करत होत्या. वर स्वयंपाकाची पुस्तकं, त्याखाली शाळेचे नकाशे आणि तळाशी लाल कापडी पुठ्ठ्याचा तो तिसरा भाग. बाई तिथेच स्टुलावर बसल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांची पिशवी खिळ्याला टांगलेली होती, अगदी हाताच्या अंतरावर. पैसे गल्ल्यात टाकून पुस्तक पिशवीत सरकवलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. शिंपीकाकांना विचारलं असतं तरी त्या भल्या माणसाने ‘न्या’ म्हटलं असतं. पण विचारायचं म्हणजे घाई कशाची ते सांगावं लागणार. आणि न विचारता न्यायचं म्हणजे ती कात्री रोज डोळ्यांपुढे नाचणार. बाई उठल्या आणि पुस्तक रहस्यकथांच्या फळीवर ठेवून आल्या. मूर्खपणाच होता तो. पण काही माणसांना मूर्खपणा झेपतो, लबाडी झेपत नाही.

मात्र फळीवरचं पुस्तक उभ्याने वाचायला कुणाची बंदी नव्हती. निम्मी गिऱ्हाइकं तेच करायची. एक निवृत्त पोस्टमन तर रोज सकाळी येऊन भिंतीला टेकून वाचायचा आणि पान लक्षात ठेवून घरी जायचा. बाईंनी त्याच्यावरूनच धडा घेतला. दुपारी गर्दी ओसरली की ओव्हरकोट टांगलेल्या दांडीमागे त्या पुस्तक घेऊन उभ्या राहायच्या. जमेल तेवढं वाचायच्या, पुस्तक जागच्या जागी ठेवायच्या आणि संध्याकाळी घरी जाऊन मिस्टरांना सगळं सांगायच्या.

सांगणं त्यांना फर्मास जमायचं. जन्मभर तारेवरून लोकांची भांडणं, लग्नं, मरणं कानावर पडलेली. कोण कसं बोलतं ते त्यांच्या जिभेवर होतं. ठेकेदार बोलायला लागला की त्यांचा आवाज घोगरा व्हायचा. बहीण बोलायला लागली की सुईसारखा बारीक. मिस्टर डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच एक बोट वर करायचे.

“थांब. मुकादम तंबूत केव्हा आला?”

“मघाशी सांगितलं की. पाऊस थांबल्यावर.”

“मग त्याचे बूट कोरडे कसे?”

“तेच तर. उद्या सांगते.”

“अगं, उद्या काय? आत्ता सांग!”

“आत्ता मलाच माहीत नाही.”

असं हे काही दिवस चाललं. मिस्टर दुपारपासून घड्याळाकडे बघत बसायचे. जेवणही थोडं वाढलं होतं. बाईंना वाटलं, गाडी रखडत का होईना, मुक्कामाला पोचेल. शेवटची थोडीच प्रकरणं उरली होती, आणि आठवडाही संपत आला होता.

त्याच सुमाराला दुकानात एक चकचकीत बुटांचा माणूस आला. हॉटेलांच्या आतली सजावट करून द्यायचं त्याचं काम. तो पुस्तकांच्या खोलीत गेला आणि पुस्तकांची नावंही न वाचता एकेक काढून बाजूला रचू लागला. कायद्याचं, बागकामाचं, लहान मुलांचं, जे हाताला येईल ते. एकच गोष्ट सारखी होती. सगळी लाल होती. तो गठ्ठा त्याने काउंटरवर आणून ठेवला तेव्हा पैसे घ्यायला हॅलोबाईच बसल्या होत्या. तिसरा भाग मधोमध होता.

“ही सगळी वाचणार?” बाईंनी विचारलं.

“छे हो! भिंतीला लावायचीत. बाहेरगावच्या हॉटेलात. लाल भिंत करतोय.”

“मग तिथे बसून लोक वाचू शकतील.”

“नाही नाही. गोंदाने चिकटवतो आम्ही. नाहीतर लोक पळवतात.”

बाईंचा हात त्या पुस्तकावर होता. हे विकायचं नाही, एवढं म्हणायचं होतं. माणूस काही भांडला नसता. त्याला दुसरं लाल चाललं असतं. शब्द अगदी ओठांवर आले. तेवढ्यात शेजारी शर्टाची बटणं तपासत बसलेल्या शिंपीकाकांनी सहज मान वर करून पाहिलं, आणि बाईंनी पुस्तक कागदात गुंडाळलं. पुठ्ठ्याच्या रंगासाठी पुस्तक विकत घेणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाई मनात तेच म्हणत होत्या.

“बाई, तोंड का उतरलंय?” काकांनी विचारलं.

“काही नाही. ऊन लागलं असेल.”

दुकानात ऊन कुठून येणार? पण काका उठले. त्यांनी चहा केला आणि कप बाईंच्या पुढ्यात आणून ठेवला.

घरी जाताना बाई मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेल्या. पुस्तक विकलं गेलं असं सांगितलं तर कथा अर्धीच राहणार. अर्धवट ठेवून जाऊ द्यायचं ह्या माणसाला? नाही. मग आपणच शेवट रचायचा. इतकी वर्षं इतक्या कथा वाचल्या, एक शेवट रचता येणार नाही? आणि रचायचाच तर निदान त्यांच्या मनासारखा रचू. एकदा तरी खूश होऊ देत. रस्ता संपेपर्यंत त्यांनी सगळं जुळवून आणलं.

मिस्टर उशांना टेकून वाटच पाहत होते. बाईंनी पाणी दिलं, खुर्चीत बसल्या आणि सुरुवात केली. मुकादमाने त्या रात्री जे पाहिलं ते कबूल केलं. भिंतीतला खराब माल उघडकीला आला. बहिणीचं लग्न ठरलं आणि ती सुखाने निघून गेली. शेवटी धरणावर सगळे जमले असताना ठेकेदाराने गुडघे टेकले.

“त्यानेच दरवाजा उघडला होता,” बाई घोगऱ्या आवाजातून स्वतःच्या आवाजात येत म्हणाल्या. “तुम्ही म्हणत होतात तेच. जिंकलात.”

आता ते पलंगावर थाप मारतील, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडतील, असं त्यांना वाटलं. मिस्टर मात्र छताकडे बघत होते.

“बहिणीला नुसतं लग्न लावून वाटेला लावलंस?” ते म्हणाले.

“पुस्तकात तसंच आहे.”

“पुस्तक राहू दे बाजूला. डॉक्टर काय म्हणाले?”

“कोण डॉक्टर? काय म्हणणार? गोळ्या...”

“अगं, लग्न झाल्यापासून पत्त्यांचा एक डाव सोडला नाहीस माझ्यासाठी. ताप होता तेव्हासुद्धा हरवलंस. आणि आज बसल्या जागी जिंकवून मोकळी झालीस.” त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “फार वेळ नाही म्हणाले का?”

हॅलोबाईंना नाही म्हणता येईना. मान हलली आणि मग रडू आलं ते आवरेना. व्हरांड्यात डॉक्टर जे जे बोलले ते सगळं त्यांनी सांगितलं, एक शब्दही न बदलता. मिस्टर ऐकत होते. एकदाच त्यांनी बोट वर केलं.

“दुखेल?”

“त्यासाठी औषध आहे म्हणाले.”

“बरं.” मग त्यांनी तिचा हात चाचपून धरला. “एवढे दिवस एकटीनेच पोटात ठेवलंस? वेडी आहेस तू.”

“तुम्हाला कोपऱ्यापर्यंत चालत जायचं होतं ना.”

“अजूनही जायचंय. ते वेगळं.” त्यांनी दम खाल्ला. “आता खरा शेवट सांग.”

“माहीत नाही मला. पुस्तक विकलं गेलं. मीच विकलं.” आणि तिने लाल भिंतीची, चकचकीत बुटांची, गोंदाची सगळी हकीकत सांगितली. मिस्टर हसू लागले. हसता हसता खोकला आला, तिने पाठ चोळली, पाणी पाजलं, तरी ते हसतच होते.

“म्हणजे खुनी कोण ते आता त्या भिंतीलाच ठाऊक,” ते म्हणाले. “ठेकेदारच असणार पण.”

बाईंनी पदराने डोळे पुसले. “मुळीच नाही. बहीणच.”

“सिद्ध कर. आणि मुरवत करायची नाही.”

बाईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली, कोरड्या बुटांपासून सुरुवात केली आणि जेवणाची वेळ होईपर्यंत त्यांना साफ हरवलं.